शेवटच्या कडव्यातलं नाव

आधीच सांगून टाकते, मला रडू येत नाही, मला राग येतो. तेव्हा हे सगळं मी रागातच सांगणार आहे. ज्याला झेपेल त्याने ऐकावं.

माझी आई शकु, गाणी रचायची. लिहायची नाही हं, रचायची. लिहायला ती फार उशिरा शिकली. लग्न होऊन बुलढाण्याकडून घाटकोपरला आली आणि शिवदास गायन पार्टीत कोरसला बसायला लागली. जयंतीच्या दिवसांत या पार्ट्या वस्त्यावस्त्यांत जातात, बाबासाहेबांची गाणी गातात, दोन पार्ट्यांचे सामने लागतात. या गाण्यांचा एक कायदा आहे. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. नाव आहे तर गाणं तुझं, नाही तर नाही. आणि म्हणून चोरीही तिथेच होते. जुनं नाव काढायचं, आपलं घालायचं, मामला खलास.

शिवदासने आईच्या सगळ्या गाण्यांचं हेच केलं. माइक त्याच्या हातात, पार्टी त्याच्या नावाची. पुढे कॅसेट निघाल्या, त्यावर हा एवढा मोठा त्याचा फोटो आणि खाली 'गीत व गायन: शिवदास'. आमचे बाबा म्हणाले, जाऊ दे, बाईमाणसाचं नाव कशाला पाहिजे कॅसेटवर. आई गप्प बसली. पण तिच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात एक गंमत झाली होती. तिचं कडवं असं होतं:

शकु सांगते, वाच रे पोरा, दिवा घरी तू लाव
बापाने तुज दिली लेखणी, तिने लिही तू नाव

शिवदासने नुसतं 'शकु सांगते' काढून 'शिवदास सांगे' घातलं. नाव मोठं, जागा लहान. दर वेळी तिथे आला की ढोलकीवाल्याला थांबावं लागायचं. कॅसेट लावा, आजही ऐकू येईल, ठेका ठेच लागल्यासारखा अडखळतो. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "पाह्य, त्याले माझं गाणं पचलंच नाही." हसायची. मला मात्र लहानपणापासून त्या अडखळण्यावर जीव होता. आमच्याकडे आईच्या बाजूने तेवढाच एक पुरावा होता.

मी या सगळ्यावर कादंबरी लिहिली. मुलुंडला विमा कंपनीत क्लेम तपासायचं काम करते मी. घरी आल्यावर, सुट्टीच्या दिवशी, जमेल तसं लिहीत गेले. नायिकेचं नाव शकुच ठेवलं. ढोलकी अडखळते तो प्रसंग मधोमध घातला. मला एकच पाहिजे होतं. आई जिवंत आहे, तिचे कान शाबूत आहेत, तोवर जगाने म्हणावं की ही गाणी शकुची. बस. बक्षीस नको, सत्कार नको.

प्रत्येक प्रकरण सौरभने वाचलं. सौरभ मेस्त्री, मुलुंडचा, माझा कॉलेजपासूनचा दोस्त. आम्ही एकांकिका एकत्र केल्या, भांडलो एकत्र, नापासही एकत्रच झालो. त्याचे आजोबा मालवणहून येऊन गिरणीत लागले होते, त्यामुळे संप, चाळ, उपास यांच्या गोष्टी त्याच्याकडे, आमच्या गोष्टी माझ्याकडे. आमच्या घरी त्याला विचारावं लागायचं नाही, सरळ ताट घ्यायचा. आईच्या हातची सुकट आणि भाकरी म्हटलं की गडी तीन-तीन खायचा. आई म्हणायची, "हा माझा दुसरा." आता सौरभ अंधेरीला एका ऑडिओ कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. लोक मोबाइलवर कथामालिका ऐकतात ना, ती कंपनी.

कादंबरी झाली, आता द्यायची कुणाला? एका नावाजलेल्या प्रकाशकाकडे पाठवली. वाचतो, कळवतो, करत करत एक दिवाळी गेली, दुसरी आली, आणि मग फोनवर म्हणाले, "मॅडम, कादंबरीला सध्या उठाव नाही. तुमचे फॉलोअर्स किती?" मी म्हटलं, चाळीत होते तेव्हा जास्त होते. बोरिवलीचा एक जण भेटला, त्याच्याकडे लग्नाच्या हॉलसारखी पॅकेजं. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. प्लॅटिनममध्ये प्रकाशन समारंभाचा पाहुणा फुकट. त्याला मी नमस्कार केला.

राहिले भीमराजकाका. आमच्याच वस्तीतले. स्वतः पुस्तकं छापतात आणि सहा डिसेंबरला दादरला टेबल मांडून बसतात. काका म्हणाले, "जय भीम शीतल, दे इकडे. मी तुझा एक शब्द बदलणार नाही." आईला तेच आवडलं होतं. "आपल्या माणसाईच्या हातात जाईल," म्हणाली.

सौरभ तेव्हा आमच्याच खाटेवर बसला होता. म्हणाला, "येडी आहेस काय तू? काका ग्रेट आहेत, पण ते पुस्तक दादरच्या एका टेबलावरून तुमच्याच एका कपाटात जाणार. आता पुस्तक वाचतं कोण यार? लोक भांडी घासताना ऐकतात. मला दे. आईंचं नाव घराघरांत वाजेल. आधी ऑडिओ करू, मग बघ, प्रकाशक लाइन लावतील."

आईंचं नाव घराघरांत वाजेल. संपलं. तिथेच मी मेले.

करार अंधेरीला मेट्रो स्टेशनखालच्या उडप्याकडे केला. मी दिवसभर ऑफिसात लोकांना ओरडत असते, अहो काका, बारीक अक्षर वाचून सही करत जा! आणि मी? मेदूवडा खाता खाता, सौरभच्या तोंडाकडे बघून, जिथे जिथे त्याने बोट ठेवलं तिथे तिथे सही. 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क' असं काहीतरी होतं खरं. म्हटलं, सौरभ आहे ना.

मालिका आली त्या रविवारी दुपारी आईने मजल्यावरच्या सगळ्या बायकांना बोलावलं. निळ्या काठाची पांढरी साडी नेसली. मी मोबाइलला स्पीकर जोडला, चहा फिरवला. सुरुवात झाली. कुणीतरी नटी गोड आवाजात सांगत होती, शकु नावाची एक भोळी पोर, तिचं शिवदासवर प्रेम. मला वाटलं, चालायचं, थोडं मीठमसाला घालणारच. मग शिवदास रात्र जागून गाणं रचतो आणि शकु ते ऐकून वेडी होते. मग गाणं लागलं. शेवटचं कडवं आलं.

वाच पोरा, शिवदास सांगे, दिवा घरी तू लाव...

ठेका अडखळला नाही. शब्द पुढचे मागे केले होते, मधला 'रे' काढून टाकला होता आणि शिवदासचं नाव असं मस्त बसवलं होतं की जणू गाणं जन्मलंच त्याच्या नावाने. बायका माना डोलवत होत्या. एक म्हणाली, "काय गायलंय गं!"

आई पण म्हणाली, "छान गायलं."

मी स्पीकर बंद केला. भाग संपायचा होता अजून, बायका बघत राहिल्या. मी म्हटलं, नेट गेलं.

मला शिवदासचा राग नव्हता हो तेव्हा. तो गडी मरूनही गेला. त्याने चोरी केली, पण त्याला धड चोरता आलं नव्हतं. गाणं कुठे अडखळतं हे माझ्या कादंबरीत लिहिलेलं होतं, आणि ती कादंबरी आख्ख्या जगात एकाच माणसाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती.

दुसऱ्या दिवशी दांडी मारून सकाळीच सौरभच्या ऑफिसला गेले. काचेची खोली, रंगीत उशा, कॉफीचं मशीन. मला बघून उठला. "अगं, काय रिस्पॉन्स आहे! सकाळपासून—"

"अडखळणं कुणी काढलं?"

"काय?"

"ढोलकी अडखळायची ते. कुणी काढलं?"

खाली बघितलं त्याने. "शीतल, ऐकायला खटकत होतं ते."

"खटकायलाच पाहिजे होतं रे! चाळीस वर्षं खटकतंय ते! तेवढंच होतं आमच्याकडे!"

बाहेरची पोरं मान वर करून बघायला लागली. त्याने दार लावलं आणि समजावणीचा आवाज काढला. म्हणे, कॅसेटवर नाव शिवदासचं. त्याच्या मुलाने नोटीस दिली असती तर? कंपनीचे वकील ऐकेनात.

"माझ्या पुस्तकात लिहिलंय ना गाणी कुणाची ते."

"कुठलं पुस्तक, शीतल?" तो म्हणाला. "पुस्तक निघालंच नाहीये."

बघा. हा माणूस. ज्याने मला पुस्तक काढू दिलं नाही, तोच मला विचारतो, कुठलं पुस्तक. मी म्हटलं, ठीक आहे, काढते आता, काका आजही छापतील. तर म्हणाला, "तसं नाही करता येणार. हक्क कंपनीकडे आहेत. केलंस तर काका अडकतील." हे तो वाईट वाटल्यासारखं तोंड करून म्हणाला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मऊ असतं, दुखेपर्यंत कळत नाही.

"आणि मी हे मनाने नाही केलं," तो म्हणाला. "आईंना विचारून केलं."

"खोटं बोलू नकोस."

त्याने लॅपटॉप फिरवला आणि फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. वकिलांना लागतं म्हणून ठेवलेलं. आईचा आवाज, एकदम साफ. "हो, शकु बोलून राहिली. ती गाणी शिवदासचीच आहेत. माझी काही हरकत नाही."

मी त्याला दोन द्यायला पाहिजे होत्या. हात उचललाच नाही. तशीच बाहेर पडले. मेट्रोत कानात इअरफोन घातले आणि कालचा भाग पुढे ढकलून शेवट ऐकला. तिथे नावं सांगतात. निवेदन अमुक, संगीत तमुक. लेखक, सौरभ मेस्त्री. मग जाहिरात लागली. मी परत मागे नेऊन ऐकलं. माझं नाव कुठेही नव्हतं, आधी नाही, नंतर नाही. घाटकोपर आलं तरी मी बसूनच होते, मग गार्डने उठवलं.

सगळ्यात जास्त मी आईवर चिडले होते. खरं सांगते. सौरभ शेवटी परका. पण ज्या बाईच्या नावासाठी मी डोळे फोडले, तिनेच फोनवर नाव सोडून द्यावं?

घरी आले तर ती मेथी निवडत होती. चपला न काढताच विचारलं, "तू सौरभला हो म्हणालीस?"

मेथीवरचा हात थांबला. "त्यानं सांगतलं का तुले? मी त्याले म्हटलं होतं, तिले नको सांगू."

"का हो म्हणालीस, आई? का? मी कुणासाठी मरत होते?"

"ओरडू नको वं." जुडी बाजूला ठेवली तिने. "फोन आला त्याचा. म्हणे, आई, तुमचं नाव ठेवलं तं वकील सगळंच बंद करतात. शीतलचं इतक्या वर्षाचं लिहिणं वाया जाते. अन् शिवदासचं ठेवलं तं शीतलचं नाव येते, लेखिका म्हणून, सगळ्या महाराष्ट्रात." पदराला हात पुसले. "मग मी काय करू? मले सवय आहे. माझ्या गाण्यात दुसऱ्याचं नाव ऐकत म्हातारी झाली मी. तुले नव्हती होऊ द्यायची ती सवय. म्हटलं, घाल बाबा त्याचं. माझ्या पोरीचं येऊ दे."

मला आईचं नाव दाखवलं आणि माझी सही घेतली. आईला माझं नाव दाखवलं आणि तिचा हो घेतला. आमचंच ताट, आमचीच खाट, आणि दोघींना एकमेकींच्याच नावाने विकून गेला.

मी चपला काढून तिच्यासमोर खाली बसले. आईला वाटलं, माझा राग उतरला. ती उठून माझा मोबाइल घेऊन आली.

"काल तू मधीच बंद केलं," म्हणाली. "शेवटी नावं सांगतात ना? लाव. मले तुझं नाव आयकायचं आहे."

"आई, राहू दे."

"लाव वं. त्याच्यासाठीच तं मी हो म्हटलं."

लावलं. काय करणार होते? ती मोबाइल कानाशी धरून बसली, डोळे मिटून. निवेदन झालं. संगीत झालं. लेखक झाला. जाहिरात लागली.

तिने डोळे उघडले. मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पुन्हा लाव," म्हणाली. "माझे कान गेले आता."

मी पुन्हा लावलं.