गंधकग्रहाची विरोधी बाजू

हेलनबाईंनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात हात घातला, चिठ्ठी काढली, उघडून वाचली आणि तशीच घडी घालून पुन्हा डब्यात टाकायला गेल्या.

"बाई, एकदा काढली की काढली," रंगनाथरावांनी डबा मागं ओढला. "काय निघालं?"

"विरोधी."

"उत्तम. म्हणजे आज चर्चा रंगणार."

कोपरगावच्या त्या वाचनालयातलं वाचक मंडळ रंगनाथरावांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर सुरू केलं होतं, आणि त्याचे नियमही बँकेसारखेच कडक होते. महिनाभरात एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं. शेवटच्या शनिवारी वरच्या खोलीत जमायचं. चिठ्ठी निघेल त्याप्रमाणे एकानं पुस्तकाच्या बाजूनं बोलायचं, एकानं विरोधात. तुमचं खरं मत काय, याच्याशी चिठ्ठीला काही देणंघेणं नाही. शेवटी हात वर करून ठरवायचं, पुस्तक वाचनालयाच्या कपाटात जाणार की विक्रेत्याकडे परत.

या वेळचं पुस्तक होतं 'गंधकग्रह'. मोबाईलवरच्या एका गेमवरून लिहिलेली विज्ञानकादंबरी. लेखकाचं नाव क्षितिज सप्तर्षी. हे नाव हेलन साळवेबाईंनी स्वतःच, चर्चमधून घरी येताना, रिक्षात बसून ठरवलं होतं.

त्यांच्या बहिणीचा मुलगा नोहा पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. मराठी गेमबरोबर मराठी कादंबरीही काढायची असं कंपनीनं ठरवलं, तेव्हा त्याला मावशी आठवली. बाईंनी आधी फोन ठेवून दिला. हायस्कूलमध्ये मराठी शिकवत उभा जन्म त्यांनी मुलांच्या हातातले मोबाईल काढून घेण्यात घालवला होता. त्याच मोबाईलमधल्या गेमवर कादंबरी लिहिली हे कळलं असतं, तर कोपरगावातली दोन पिढ्यांची माणसं रस्त्यात थांबून हसली असती. पण निवृत्तीनंतरच्या दुपारी लांब असतात. नोहानं पाठवलेले खेळाचे व्हिडिओ त्यांनी आधी नाक मुरडत पाहिले, मग चष्मा लावून. लिहून झालं तेव्हा नवऱ्याला, योसेफला, त्यांनी बायबलवर हात ठेवून गप्प राहायला लावलं.

दिशानं मंडळात हे पुस्तक सुचवलं त्या दिवशी त्यांनी विरोध केला नव्हता. कोपऱ्यात बसावं, लोक काय म्हणतात ते ऐकावं आणि घरी जावं, एवढीच इच्छा होती.

"बाजूनं कोण?" रंगनाथरावांनी विचारलं.

हनुमंतरावांनी आपली चिठ्ठी वर धरली. ते एसटीचे निवृत्त कंडक्टर. मंडळात आल्यापासून कोणत्याही पुस्तकावर त्यांनी "बरं हाय" यापेक्षा जास्त मत दिलं नव्हतं. पुस्तकाचा निकाल लागल्यासारखं सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आधी इतरांची मतं. दिशा, तू."

दिशा स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की गेम खेळायची. 'गंधकग्रह' तिनं पूर्ण केला होता, तोही दोनदा.

"मला फार राग आलाय," ती म्हणाली. "गेममध्ये कमांडर विराज एकदाही रडत नाही. इथं तो सारखा रडतो. आईची आठवण येते म्हणून रडतो, चंद्र दिसला म्हणून रडतो. शत्रू समोर उभाय आणि हा विचार करतोय, की शत्रूलाही कुणी वाट पाहणारं असेल का! तेवढ्यात मी तीन जण उडवले असते."

"भावना दाखवल्यात," रंगनाथराव म्हणाले.

"भावनांनी लेव्हल पार होत नाही, काका."

हेलनबाईंनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

गोरक्षनाथ पुणतांब्याहून मोटारसायकलवर यायचे. साखर कारखान्यात जन्म गेलेला माणूस. त्यांनी पुस्तक टेबलावर उलटं ठेवलं होतं, जणू त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

"मला एकच सांगा. ह्या ग्रहावर सगळीकडं गंधकाचा धूर हाय, असं पयल्याच पानावर लिवलंय. आन् हा गडी बिनमास्कचा पळतोय, वर भाषान देतोय. आमच्या कारखान्यात रस साफ करायला गंधक जाळत्यात. त्या खोलीत मिनिटभर हुबं राहून कुनी भाषान करून दावावं. खोकून खोकून डोळं भाईर येत्यात."

"ते काल्पनिक आहे," दिशा म्हणाली.

"कल्पना करायला माझी ना न्हाई. पन गंधक तरी गंधकावानी ठेवा. दुसरं, हे लोक जेवत न्हाईत. आख्ख्या पुस्तकात एकदा कुनी भाकरीचा तुकडा मोडला न्हाई. लिवनारा उपाशी असनार."

हे हेलनबाईंना सगळ्यात जास्त लागलं. गेममध्ये कुणी जेवत नव्हतं, म्हणून त्यांनीही कुणाला जेवू घातलं नव्हतं.

"लेखक तरुण असणार," रंगनाथराव म्हणाले. "पुण्याचा. इंजिनिअर. लग्न झालेलं नाही."

"होईल असंही वाटत नाही," दिशा म्हणाली.

"मात्र एक कबूल करायला हवं. शुद्धलेखन निर्दोष आहे. आजकालच्या पोरांत असं ऱ्हस्वदीर्घ सापडत नाही. मी पेन्सिल घेऊन बसलो होतो, एकही चूक मिळाली नाही."

हेलनबाई नकळत खुर्चीत ताठ झाल्या. मग रंगनाथरावांनी त्यांच्याकडे हात केला.

त्यांनी ठरवलं होतं, अगदी सौम्य बोलायचं. दोन-तीन वाक्यं बोलायची, भाषा बरी आहे म्हणायचं आणि बसायचं. पण उभं राहिल्यावर पाठीमागं फळा असल्यासारखं वाटलं, आणि समोर हातभर अंतरावर एक पुस्तक होतं, ज्यातली प्रत्येक कच्ची जागा त्यांना तोंडपाठ होती.

"पहिली गोष्ट, यातली सगळी माणसं एकसारखी बोलतात," त्यांनी सुरुवात केली. "सेनापती, यंत्रमानव, शत्रूची राणी, सगळे जण निबंध लिहिल्यासारखे. दुसरी गोष्ट, लेखकाला 'जणू' या शब्दाचं व्यसन आहे. तिसरी, राणी मरते ते प्रकरण लेखकानं घाईत उरकलंय. त्याला ती मारायची नव्हती, पण कुणीतरी सांगितलं म्हणून मारली."

"हे तुम्हाला कसं कळलं?" दिशानं कौतुकानं विचारलं.

"वाचताना कळतं." बाईंचा आवाज आता वर्गातला झाला होता. "आणि शेवटचा मुद्दा. तो बोगदा. विराज मेला, की पुन्हा त्याच बोगद्याच्या तोंडाशी जागा होतो. गेममध्ये ते ठीक असेल. पण इथं लेखकानं दर वेळी तोच बोगदा, तेच वर्णन, त्याच शब्दांत दिलंय. का? पानं भरायला. एकदा लिहिलं आणि मग चिकटवत गेला. मी शिक्षिका आहे, कॉपी ओळखते."

नाताळची गाणी बसवायची होती, घरात पाहुणे होते आणि नोहा रोज फोन करत होता, ते दिवस हेलनबाईंच्या डोळ्यांसमोरून गेले. त्या दिवसांत त्यांनी नेमकं हेच केलं होतं.

"आणि कॉपीही नीट केलेली नाही. आधीच्या सगळ्या खेपांना बोगद्यात भिंतीच भिंती आहेत. शेवटच्या खेपेला अचानक उजव्या हाताला खिडकी येते. कुठून आली? लेखक आधी काय लिहिलं ते विसरला. साधी चूक आहे."

त्या बसल्या. गोरक्षनाथांनी मान डोलावली. दिशा म्हणाली, "गेममध्ये तर तिथं खिडकीच नाहीये." बाईंना आधी जिंकल्यासारखं वाटलं, आणि मग आठवलं, की हरलेलं पुस्तकही आपलंच.

"हनुमंतराव," रंगनाथराव घड्याळाकडे पाहत म्हणाले, "तुमचं काय?"

हनुमंतराव हेलनबाईंच्या शेजारच्याच खुर्चीत होते. ते उठले नाहीत. त्यांनी बराच वेळ घसा साफ केला.

"मी कोपरगाव-नगर गाडीवर हुतो," ते म्हणाले. "लई वर्सं. शिर्डी, राहाता, बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी, नगर. दुसऱ्या दिशी परत तेच. पैलं हे बोगद्याचं वाचलं तवा मला बी वाटलं, मागचंच पान आलं काय. मग म्हनलं, न्हाई, हे बरुबर हाय. रोज तेच असतंय की."

त्यांनी खुर्ची थोडी पुढं ओढली.

"कोल्हारच्या पुलाच्या अलीकडं रस्त्याला लागून एक घर हुतं. एक दिवस तिकिटं फाडता फाडता मी भाईर बघितलं, तर त्या घराला खिडकी. मी डायवरला म्हनलं, ह्यांनी खिडकी नवी पाडली काय रं? तो म्हनला, येडा का काय, घर बांधलं तवापासून हाय. आन् मी त्या रस्त्यानं किती येळा गेल्तो, त्याचा हिशोब न्हाई."

"आत कोण होतं?" दिशानं विचारलं.

"कोनी न्हाई. नुसती खिडकी हुती. पन मग मी रोज बघायचो."

त्यांनी टेबलावरचं पुस्तक जवळ ओढलं आणि त्यावर पंजा ठेवला.

"बाई म्हनत्यात, लिवनारा इसरला. मला तसं वाटत न्हाई. खिडकी आधीपास्नं हुती. त्या गड्याला दिसली न्हाई. मरायचं भ्याव हुतं तवर त्यो समोर बघून पळत हुता. शेवटाला भ्याव गेलं, तवा मान वळली. पानं भराया कोनी असं लिवत न्हाई."

"हनुमंतराव," हेलनबाईंनी राहवलं नाही म्हणून म्हटलं, "चूकही असू शकते ना? लेखकाच्या डोक्यात हे काही नसेलही."

"तुमी वळखता का त्याला?"

"नाही."

"मग कसं म्हनता?"

बाईंनी पर्सची चेन पुन्हा उघडली. विरोधी बाजूचं बोलून झालं असं धरून रंगनाथरावांनी मतदान घेतलं. दिशा परत पाठवा म्हणाली. गोरक्षनाथांनी गंधकावरून माघार घेतली नाही. तेही परत म्हणाले. रंगनाथरावांनी ऱ्हस्वदीर्घासाठी हात वर केला. हनुमंतरावांचा हात आधीच वर होता.

"दोन आणि दोन," रंगनाथराव म्हणाले. "बाई, तुमच्यावर आलं."

हेलनबाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. स्वतःच्याच पुस्तकाला मत देणं म्हणजे परीक्षेत स्वतःचा पेपर स्वतः तपासणं. आणि विरोधात हात वर करावा, तर शेजारचा माणूस पुस्तकावर पंजा ठेवून बसला होता.

"मला तो भाग एकदा बघू द्या," त्या म्हणाल्या.

हनुमंतरावांनी पान काढून पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं.

बाईंनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. भिंती, धूर, पावलांचा आवाज, पुन्हा भिंती. वर्गात वाचायच्या तशा, ओळीच्या शेवटी किंचित थांबत. वाचता वाचता त्यांची नजर पुस्तकावरून उठली आणि समोरच्या कपाटांवर गेली. विराज चालत होता, घाई संपली होती. पानाची शेवटची ओळ आली. पान उलटायचं राहून गेलं. वाचन मात्र थांबलं नाही. उजव्या हाताला खिडकी आली, तिच्यातून पिवळा उजेड आला, आणि विराज तिथं उभा राहिला.

हनुमंतरावांनी हात पुढं करून हळूच पान उलटलं.

प्रकरण संपलं. बाईंनी खाली पाहिलं, चष्मा सारखा केला आणि उजवा हात वर केला. फार वर नाही, खांद्यापर्यंत.

"विरोधात बोललेल्यानं बाजूनं मत द्यावं, असं आपल्या मंडळात आजवर झालं नव्हतं," रंगनाथराव म्हणाले. "मत बदलायला मन मोठं लागतं. हनुमंतराव, तुमचं अभिनंदन."

"बरं हाय," हनुमंतराव म्हणाले.

दिशानं पुढच्या महिन्यासाठी तरी कुणी न रडणारं पुस्तक निवडावं असं सुचवलं. गोरक्षनाथांनी जाता जाता पुस्तक उचललं, जाडी पाहिली आणि निदान चहा तरी पाजायचा होता त्या विराजला, असं म्हणून ठेवून दिलं.

खाली रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. एका ट्रॅक्टरमागं दोन, त्याच्यामागं आणखी दोन. पलीकडं जायला वाट मिळेना, म्हणून हेलनबाई आणि हनुमंतराव वाचनालयाच्या पायरीवरच थांबले. हनुमंतरावांनी टोपी काढून झटकली.

"राग न्हाई ना आला, बाई? मी लई बोललो आज."

"नाही हो. तुम्ही बोललात ते बरं झालं."

"दुसरा भाग येनार हाय म्हनं. दिशा सांगत हुती."

"असं ऐकलंय."

"त्यात त्यानं खिडकीतून पलीकडं जायला पायजे. पुन्हा बोगद्यात घातला त्याला, तर काय मजा न्हाई."

एक ट्रॉली धडधडत गेली. तिच्यातून एक ऊस रस्त्यावर पडला आणि कुणीतरी तो उचलून पळालं. हेलनबाईंनी आवाज कमी व्हायची वाट पाहिली. मग, वर्गात कधीच विचारलं नव्हतं अशा आवाजात, त्यांनी विचारलं,

"पलीकडं काय असावं, असं वाटतं तुम्हाला?"

हनुमंतरावांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली, आणि त्यांच्याकडे पाहिलं. ओठांच्या कडेला हसू आलं, ते त्यांनी मिशीतच ठेवलं.

"ते मला इचारता व्हय, बाई?" ते म्हणाले, आणि रस्ता मोकळा झालेला बघून पायरी उतरले.