झाकणरावांचा कलप

"झाकणराव, जरा खाली वाका," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चक्क त्यांचे डोके हुंगले.

प्रयोगशाळेतल्या उभ्या नोकरीत झाकणरावांचे डोके पुष्कळांनी खाल्ले होते. हुंगले कुणीच नव्हते.

"कलप केलाय?"

"हिनं लावला काल. रिटायर होताना निरोपाच्या फोटोत म्हातारे दिसाल म्हणाली."

"त्यात अमोनिया असतो हो! आणि आत्ता उघड्या बाटल्यांवर वाकला होतात तुम्ही."

झाकणराव दोन पावले मागे सरकले. बाटल्यांत एका तळ्याचे पाणी होते. तळे आता बुजवून टाकले होते, म्हणजे पुन्हा आणायची सोयच नाही. मॅडमचे सारे संशोधन त्या बाटल्यांत. पाण्यातला अमोनिया उडू नये म्हणून ते आम्ल घालून ठेवलेले. आता त्यात पांढरी पूड टाकून आम्ल मारले, की अमोनिया वर उठतो आणि वायू आत जाऊ देणाऱ्या टेपमध्ये गुंडाळलेल्या, आम्लात भिजवलेल्या तरंगत्या चकतीवर अडकतो. मग त्यातला नायट्रोजन किती जड, किती हलका हे यंत्र सांगते, आणि तो खताचा की गटाराचा याचा माग लागतो. पूड पडताच झाकण लागले पाहिजे. ते झाकणरावांइतके चटकन कुणाला जमत नसे, म्हणून हे नाव. पण झाकण लावणाराच अमोनिया घेऊन आला असेल, तर सगळे मुसळ केरात.

"सोबत तशीच उघडी शुद्ध पाण्याची बाटली आहे ना," मॅडम म्हणाल्या. "तिच्या चकतीवर काही सापडलं नाही, तर सुटलो. सापडलं तर..."

पुढचे झाकणरावांना न बोलताच ऐकू आले.

घरी बायको म्हणाली, "मी बाई पाकिटावर 'सुवासिक' वाचलं."

"तुझ्या सुवासानं अख्खं तळं बुडालं!"

"बुजवलेलं तळं बुडेल कसं?" असे म्हणून तिने आपली अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी पुढे केली. गुलाबी, झालरीची. "उद्यापासून ही घाला. ध्यान दिसाल, पण निदान आणखी घोळ नको."

झाकणरावांनी ती घातली. बाटल्यांपाशी ते श्वासही तोंड फिरवून घेऊ लागले.

शुद्ध पाण्याची चकती वाळली ती नेमकी निरोपाच्या दिवशी. आम्ल नेहमीच्या कथलाच्या वाटीला खाते, म्हणून ती चांदीच्या इवल्या वाटीत मिटून यंत्रात गेली. पडद्यावरची रेघ सरकत राहिली. सपाट. शेवटपर्यंत सपाट.

"काही नाही!" मॅडम ओरडल्या. "झाकणराव, काहीच नाही!"

झाकणराव स्टुलावर बसले.

"तळ्याच्या चकत्या वाट्यांत भरायच्यात अजून," मॅडम म्हणाल्या. "मी भरू?"

"तुम्ही? आज मी आहे ना इथं."

ते भरत असतानाच फोटोवाला दारात आला. "काका, टोपी काढा की!"

"चकत्या उघड्या आहेत. असाच काढ."

तो फोटो आता बैठकीच्या खोलीत आहे. हार घेऊन आलेले ऑफिसचे साहेब, हसणाऱ्या मॅडम, आणि मधोमध झालरीची गुलाबी टोपी घालून, चिमटा धरून ताठ उभे झाकणराव. आल्यागेल्याला बायको आवर्जून सांगते, "आत केस काळेभोर आहेत हं."