चंद्राभोवतीचं वलय

चिउ सु-चनने खुर्चीतून पुढे वाकून पडद्यावरच्या चंद्राच्या कडेशी बोट धरलं.

"वलय आहे. कालच्याइतकंच."

अंधाऱ्या खोलीत मागे बसलेल्या यू-हानने सुस्कारा सोडला. हा टीव्ही त्याने घडवला होता. काचेमागे दोन हजार कप्प्यांत बारीक दिवे होते. चित्र जिथे काळं, तिथले दिवे आपोआप मंदावत. चंद्राचा उजेड शेजारच्या काळ्या कप्प्यात सांडला, की वलय दिसे. ते घालवण्यासाठी तीन आठवडे तो आजूबाजूचे दिवे आणखी मंद करत चालला होता. त्यापायी चंद्राजवळच्या चांदण्या एकेक करून विझल्या होत्या.

"चिउ ताई, आणखी मंद केले तर आभाळात चंद्र एकटाच उरेल."

"उरू दे. मला दिसतं ते मी लिहिते."

"तुमच्या डोळ्यांना लाच तरी देता आली असती!"

ती हसली नाही. वहीत तारीख घालून तिने 'नापास' लिहिलं. शिन्चू शहरातल्या या कारखान्यातून गेली बावीस वर्षं तिच्या सहीशिवाय एकही नमुना बाहेर पडला नव्हता.

दुपारी आवारात भूमिदेवाची पूजा होती. चांद्र महिन्याचा सोळावा दिवस. टेबलावर फळं, बिस्किटांचे पुडे, नूडल्सची पाकिटं. वाऱ्याने विझू नये म्हणून मेणबत्ती काचेत. रांगेत तिची पाळी आली. उदबत्ती कपाळाशी नेऊन ती वाकली, आणि वर बघताना थबकली. ज्योतीभोवती वलय होतं. फिकट, डाव्या बाजूला जरा फाटलेलं. रोजचंच.

तिने डावा डोळा मिटला. वलय तिथेच. उजवा मिटला. ज्योत नुसती जळत होती.

"ताई, डोळ्यात धूर गेला का?" मागची बाई म्हणाली.

"हो," म्हणत तिने उदबत्ती राखेत सरळ खोचली.

मग जेवणघरात जाऊन तिने डबा संपवला. न आवडणारा कोबीसुद्धा खाल्ला. कशालाच चव नव्हती.

परत आल्यावर तिने यू-हानला टीव्ही पूर्ण बंद करायला सांगितलं.

"आता कागदाला भोक पाड. मागे मोबाइलचा दिवा धर."

त्याने धरला.

"वलय दिसतंय?"

"नाही."

"नीट बघ."

त्याने दिव्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"नाही, ताई."

"मला दिसतंय. उजव्या डोळ्याला."

तिने वही ओढली. पट्टी लावून तीन आठवड्यांचे सगळे शेरे एकेक करून खोडले, प्रत्येकापुढे सही केली. अक्षर नेहमीसारखंच टपोरं आलं.

"पहिल्या दिवशी जसं होतं, तसं कर सगळं. आणि पुढचे नमुने दुसऱ्या कुणाला दाखव."

ती पिशवी घेऊन दारावरच्या काळ्या पडद्यापर्यंत गेली आणि वळली.

"तूही मीटर लावून उजेडाचं माप घेत होतास ना? त्यात काय येत होतं?"

यू-हान कागदाचं भोक बोटाने मोठं करत राहिला.

"वलय नाही, असंच. रोज."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, मीटर बिघडलंय. सोमवारीच दुरुस्तीला पाठवलं."

तिने पडद्याची कड बाजूला सारली.

"परत मागवून घे," ती म्हणाली.