नावानं हाक मारू नका

मी बैल बोलतोय. शर्यतीचा बैल, औताचा नाही. हा फरक आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या मालकाचं घर त्या फरकावर मोडलं.

माझा जन्म माणदेशातला. जात खिलार, रंग कोसा. मी खोंड असताना हैबतरावांनी मला बाजारात पाहिलं. खूर तपासले, शेपटी पिळली. मी जी उडी मारली ती पाहून त्यांनी पाठीवर थाप टाकली आणि तिथंच माझं नाव ठेवलं. पाखऱ्या.

हैबतराव हिंजवडीजवळच्या नेऱ्याचे. त्यांची शेती बिल्डरच्या इमारतींखाली गेली. आलेल्या पैशात त्यांनी खोल्या बांधल्या. हिंजवडीत कामाला जाणारी लांबलांबची पोरंपोरी तिथं भाड्यानं राहतात. खोल्यांच्या मागं माझा गोठा. घरातला नांगर मी येण्याआधीच भंगारात गेला होता.

मला पंखा होता. पायाखाली रबराची गादी होती. मालकीण रत्नाबाई रोज सकाळी दूध, अंडी आणि उडदाचं पीठ स्वतःच्या हातानं चारायच्या. दुपारी नदीला पोहायला न्यायचे. मी बसून खाल्लं असं कुणी म्हणू नये. छातीत आग पेटेपर्यंत पळणं हेही कष्टच.

मला शिकवण एकच मिळाली. हैबतराव लांब उभे राहायचे आणि मोठ्यानं माझं नाव घ्यायचे. मी पळत जायचं. पोचलो की गूळ. नाव ऐकलं की पळायचं, एवढंच मी शिकलो. दुसरं कुणी काही शिकवलंच नाही.

छकड्याला जुंपलो आणि जिंकत गेलो. मग नाव झालं. माणसाचं होतं तसंच बैलाचंही होतं. चौकाचौकात माझे फ्लेक्स लागले. माझ्यावर गाणं निघालं. सोनाराच्या दुकानाचं उद्घाटन असलं की मला झूल घालून दारात उभं करायचे. त्याचे पैसे हैबतरावांच्या खात्यावर यायचे. माझा वाढदिवस झाला. केक मला आवडला नाही. माणसांनी खाल्ला.

नाव वाढलं तशी घरात माणसं वाढली. कोण कुठला, कुणी विचारायचं नाही. जेवणावळी उठायच्या. कुणाच्या लग्नाला, कुणाच्या देवळाला, कुणाच्या हप्त्याला हैबतराव हात सैल सोडायचे. नाही म्हटलं तर नाव कमी होतं, असं त्यांना वाटायचं. मी फक्त शर्यतीच्या दिवशी पळत होतो. हैबतराव रोज पळत होते.

शर्यतीच्या एका मैदानात मी काळी जीप जिंकली. आमच्यात रीत आहे, बक्षीस एकट्यानं ठेवायचं नसतं. जीप विकली. जोडीच्या बैलाच्या मालकाला वाटा गेला, छकडा हाकणाऱ्याला गेला, सांभाळणाऱ्या पोरांना गेला. उरलं ते गावजेवणात गेलं. पण बक्षिसाच्या कागदावर नाव एकट्या हैबतरावांचंच होतं. पुढच्या बक्षिसांचंही तसंच झालं.

वाढदिवसाला शेखर नावाचा एक नट पाहुणा आला होता. टीव्हीवर राजा व्हायचा. गर्दी जेवायला गेली तेव्हा तो माझ्या गव्हाणीवर येऊन बसला आणि बूट काढून पाय चोळू लागला.

"हैबतराव, येणाऱ्या पैशातला सरकारचा वाटा त्याच दिवशी बाजूला काढत जा. मी नाही काढला. वाटलं, पुढच्या मालिकेतून भरू. पुढची मालिका आलीच नाही. मुंबईतलं घर गेलं. आता बैलांच्या वाढदिवसाला रिबिनी कापतो."

हैबतराव हसले. "शेखरशेठ, तुमचं नटाचं उत्पन्न. आमचा बैल हाय. बैल म्हंजी शेती. शेतीला कर न्हाई."

"बैल नांगराला धरता का?"

"ह्येला? ह्यो राजा हाय. तुमच्यापरीस खरा."

शेखरही हसला. बूट घालून जेवायला गेला. हैबतराव जे बोलले ते साऱ्या गावाला खरं वाटत होतं. मलाही वाटलं. चार पाय, दोन शिंगं, म्हणजे शेतीच.

मग कराची नोटीस आली. एकदम तीन वर्षांची, वर व्याज आणि दंड. आकडा मला कळला नाही. हैबतराव उभ्याचे खाली बसले, ते कळलं.

सुनीती नावाची मुलगी एका खोलीत भाड्यानं राहते. कंपनीत हिशेबाचं काम करते. ती गोठ्यात येऊन कागद वाचू लागली.

"काका, शर्यतीचं बक्षीस हे शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. दुकानवाल्यांचे पैसे तर नाहीच नाही. वाटे दिले त्याचं काही लिहून घेतलंय का?"

"वाटा द्येताना लिवून घ्येत्यात व्हय? त्यो काय परका हाय?"

"मग ते सगळं तुमच्याच नावावर राहणार."

वाटे घेतलेल्यांना फोन केले. एकानं उचलला, आणि पुढच्या मैदानाला पाखऱ्या येणार का, असं विचारलं.

हैबतराव सुनीतीला म्हणाले, "आन् ह्यो औताला धरला तर? फोटू काढून दिला तर?"

"आता फोटो काढून काही होणार नाही, काका."

तिनं स्पष्ट सांगितलं होतं. पण बुडणाऱ्याला काडीच दिसते.

बारामतीकडचा एक शौकीन मला मागत होता. तो देत होता तेवढ्यात कर फिटत होता. सोमवारी न्यायला येणार होता.

रत्नाबाई म्हणाल्या, "द्या त्येला. मला बी वाईट वाटतंय. म्याच त्येला वाढवलाय. पर बैल न्हाई इकला तर खोल्या जात्यात. त्या भाड्यावर आपली चूल हाय."

"पाखऱ्या गेला तर मला कोण वळखतंय?"

"म्या वळखते की. त्येवढं पुरंना व्हय तुमाला?"

हैबतरावांच्या डोक्यातून फोटो गेला नव्हता. रविवारी त्यांनी मला टेम्पोत घातलं आणि धरणाकडच्या माल्याला नेलं. तिथं रत्नाबाईंचा भाऊ कुशाबा भातशेती करतो. भात निघालं होतं, तो रान नांगरत होता. मला बघून त्यानं तंबाखू थुंकली.

"दाजी, बैल आणलाय का नवरदेव? ह्येची शिंगं रंगीवल्याली हायेत."

"दोन तास फिरव. मी फोटू काढतो."

"ह्येला चालाया येतं का? म्या त्येला पळतानाच बघितलाय."

"गप जुंप."

त्याच्या म्हाताऱ्या बैलाशेजारी माझी मान जुवाखाली गेली. नांगराचं वजन मागं ओढत होतं. छकडा असा ओढत नाही. म्हातारा सावकाश निघाला, मीही त्याच्याबरोबर पाऊल टाकू लागलो. खरं सांगतो, जमत होतं. माती ओली होती, वास चांगला होता. हैबतरावांचे डोळे भरले होते. त्यांना वाटलं, वाचलो.

शेत रस्त्याला लागून आहे. रविवारी धरणाकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. एक गाडी थांबली. मग दुसरी. कुणीतरी ओरडलं, "अरे, पाखऱ्या हाय ह्यो! पाखऱ्या!"

मग सगळेच ओरडू लागले. शिट्ट्या झाल्या. माझं नाव चारी बाजूंनी आलं.

मी पळालो.

म्हातारा खाली गेला, जू मोडलं. हैबतराव "हो, हो" करत आडवे आले, त्यांना चुकवून मी गेलो. माझ्यामागं फरफटत आलेला नांगर बांधाला अडकला. माझा उजवा पुढचा पाय आत वळला आणि कट्‌ आवाज झाला. रस्त्यावरची माणसं फोन वर धरून उभी होती. लांबून ती मैदानातल्या गर्दीसारखीच दिसत होती.

कोणत्याही शर्यतीपेक्षा तो व्हिडिओ जास्त माणसांनी पाहिला. सोमवारी बारामतीचा शौकीन आला नाही. त्यानंही तो पाहिला होता. डॉक्टर म्हणाले, "हा आता पळणार नाही. चालेल, तेही जपून."

खोल्यांवर आता विक्रीची पाटी आहे. गोठा त्याच जागेत, त्यामुळं तोही जाईल. पंखा आधीच गेला. रत्नाबाई अजून चारायला येतात. अंडी नसतात, कडबा असतो. त्या माझ्याशी पूर्वीसारख्या बोलत नाहीत, पण पायाला हळद लावतात. नवीन मालक आला की मला माल्याला कुशाबाकडं पाठवायचं म्हणतात. हैबतरावांनी कुठं जायचं, ते अजून कुणी बोललेलं नाही.

संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन उभे राहतात. मागच्या रस्त्यानं मोटारसायकलवरची पोरं जातात आणि जाता जाता माझं नाव घेऊन ओरडतात. माझे कान उभे राहतात. मोडका पाय जमिनीवर थरथरू लागतो आणि दावं ताणतं. मग हैबतराव घाईनं दोन्ही हातांनी माझे कान झाकतात. ओरडणं लांब जाईपर्यंत तसेच धरून ठेवतात.

या बाजूला आलात तर गोठ्यात या. पाठीवर हात ठेवा, दोन काड्या टाका. फोटो काढायचा तर तोही काढा.

फक्त मला नावानं हाक मारू नका.