रफार राहिला

या मित्रांनो, टेका जरा. एक गोष्ट सांगतो. लांबण लावणार नाही, पण मधे उठून जाऊ नका. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं अर्ध्यावर तुटलं की परत जुळत नाही. आणि मी तर माणूसही नाही.

मी एक जुना डोंगल आहे. बोटाच्या दोन पेरांएवढा, हिरवा, तोंडाशी पत्र्याची पट्टी. कॉम्प्युटरच्या मागे खोचून ठेवायची वस्तू. शाळा म्हणाल तर कारखान्यात डोक्यात भरलं तेवढीच. एक प्रश्न आणि एक उत्तर. प्रोग्राम विचारणार, "आहेस का?" मी म्हणायचं, "आहे." मी "आहे" म्हटलं की प्रोग्राम उघडणार. मी जागेवर नसलो की पडद्यावर लाल चौकट. झालं माझं शिक्षण. पुढं जन्मभर हजेरी दिली.

मला आणलं ते आक्कांच्या दुकानात. पुढच्या खोलीत काउंटर, मागच्या खोलीत भरतकामाचं मशीन. कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायची, मशीनला धाडायची, की सुई कापडावर टाके घालत सुटते. शाळांचे बिल्ले, टोप्या, डॉक्टरांचे कोट, हेच सगळं काम.

आक्कांच्या मिस्टरांना सगळे पेंटर म्हणायचे. आधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. छापील बोर्ड आले आणि ब्रश वाळून गेले, तेव्हा दोघांनी मिळून हे मशीन घेतलं. प्रोग्रामात तयार अक्षरं होती, पण पेंटरांना ती आवडेनात. म्हणायचे, "ही काय अक्षरं आहेत? कवायतीला उभी केल्यासारखी." मग बसले माउस घेऊन. ब्रश धरलेला हात तो, माउस त्याच्या हातातून साबणासारखा निसटायचा. तरी एकेक अक्षर काढलं. त्यांचा ल पोट सुटलेला. त्यांचा ग दाराला टेकून उभ्या असलेल्या माणसासारखा, थोडा कललेला. गावातल्या निम्म्या कोटांवर त्यांचं अक्षर होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

प्रोग्राम बसवायला आलेला माणूस जाताना म्हणाला होता, "हे हिरवं हरवू नका. हरवलं तर सगळं नव्याने घ्यावं लागेल." तेव्हापासून माझा थाट बघा. आक्कांनी गळ्यात लाल लेस बांधली. त्या कोपऱ्यात झाडू मारायची कुणाला परवानगी नाही. पाहुण्यांच्या पोराने माझ्याकडे नुसतं बोट केलं तरी आक्का बोलायच्या थांबायच्या.

मलाही वाटायला लागलं की दुकान माझ्यावर चाललंय. वॉचमनला वर्षानुवर्षं गेटवर बसवलं की त्याला बिल्डिंग आपली वाटते, तसंच ते.

माझं एकाशीच पटत नव्हतं. आक्कांचे धाकटे दीर. धंद्याने लिफ्ट मेकॅनिक, पण नाद कॉम्प्युटरचा. लोकांनी टाकलेली खोकी घरी न्यायची, पुसायची, त्यात कुठलं कुठलं सॉफ्टवेअर घालून परत चालती करायची. दर रविवारी दुकानात यायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे.

"वहिनी, या हिरव्याचा भरवसा नाही. माझ्याकडचं टाकून बघा. फुकट आहे."

"भावजी, मागच्या वेळी प्रिंटरही तुम्ही फुकटच नीट केलात. तो अजून पाठकोरं म्हटलं की दोन्हीकडून छापतो."

"ते वेगळं. आणि फुकट चुकून बोललो. मोकळं म्हणायचं होतं."

"त्यात काय फरक?"

"फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मोकळं म्हणजे झाकण उघडून आत बघता येतं. मोडलं तर जोडता येतं, आवडलं तर शेजाऱ्याला देता येतं. पैसे द्यावेत की, कुणीतरी जागून केलेलं असतं. मीही पाठवतो अधूनमधून."

"मला आत बघून काय करायचंय? मला कोट द्यायचेत."

पेंटर सुईत दोरा ओवता ओवता हसायचे. "अरे, तिला चहाशी मतलब. किटली कुठून आली ते तू बघ."

मी मागून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, बोल बाबा. उघडणार तर मीच.

मग पेंटर गेले. आजार लांबला नाही. काही दिवस मशीनवर कापड झाकलेलं होतं, मग आक्कांनी ते काढलं आणि कामाला लागल्या. फरक एकच पडला. नाव भरून झालं की घडी घालायच्या आधी त्या टाक्यांवरून एकदा हात फिरवायच्या. गिऱ्हाइकाला वाटायचं, दोरा निघालाय का बघतायत.

पुढं ज्या कंपनीने मला धाडलं होतं ती बंद झाली. आक्कांनी फोन लावला, तर हा नंबर अस्तित्वात नाही म्हणे. माझं माहेरच गेलं म्हणा ना. त्याच सुमारास कापडाचा गठ्ठा सरकवताना कॉम्प्युटर भिंतीवर आपटला आणि माझी मान वाकली. तेव्हापासून हजेरी चुकायला लागली. "आहेस का?" कानावर यायचं, पण उत्तर ओठातच राहायचं. आक्कांनी बोटाने दाबून धरलं तरच माझा आवाज फुटायचा.

भावजींनी भिंग लावून बघितलं. "आतल्या तारेचा डाख सुटलाय. परत डाख देईन, पण धरेल की जळेल ते सांगता येत नाही."

"जळेल असं काही करायचं नाही."

"बरं. पण हा आज ना उद्या जाणार. मशीन चालेल, नवीन अक्षरंही मिळतील. दादाची मिळणार नाहीत. ती त्या कंपनीच्या फाइलीत आहेत आणि ती फाइल याच्याशिवाय उघडत नाही."

भावजींनी खिशातून एक तिकोनी किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ही बघा. लिफ्ट अडकली की बाहेरून दार उघडायची किल्ली. ही माझ्या खिशात असते म्हणून आतला माणूस घरी जातो. ही फक्त लिफ्ट बनवणाऱ्याकडे असती आणि तो गाशा गुंडाळून गेला असता, तर आतल्याने काय करायचं?"

आक्कांनी ती किल्ली उचलून हातात फिरवली. मग म्हणाल्या, "आत कोण आहे ते मला माहीत आहे, भावजी. कधी करायचं सांगा."

रविवारी दुकान बंद ठेवलं. काम सोपं होतं आणि किचकटही. मी "आहे" म्हणतोय तोवर पेंटरांचं एकेक अक्षर उघडायचं आणि साध्या टाक्यांच्या फाइलीत बाहेर काढायचं. ती साधी फाइल कुठलाही प्रोग्राम वाचतो. बाहेर आलं की ते सुटलं, मग माझी गरज नाही. भावजींनी चार अक्षरं काढून दाखवली आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुठल्यातरी बिल्डिंगमध्ये लिफ्ट मधल्यामधे थांबली होती, आत एक आजोबा.

"जावं लागेल, वहिनी. माणूस आधी."

"आणि हे?"

"तुम्ही करा. डाव्या हाताचं बोट याच्यावर, उजव्या हातात माउस."

"मी आजवर फक्त चालू आणि बंद केलंय."

"मधलं आज करा. बोट तेवढं सोडू नका."

गेले. आक्का खुर्ची ओढून बसल्या. कॉम्प्युटरच्या मागे वळसा घालून डावा हात माझ्यापर्यंत आणला आणि शाळेत म्हणतात तसं मोठ्याने सुरू केलं. अ. आ. इ. ई. एक अक्षर म्हणायचं, उघडायचं, बाहेर काढायचं. मग क, ख, ग. ग आला तेव्हा जरा थांबल्या. काने, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार. अर्धी अक्षरंही आठवून आठवून घेतली.

इकडं माझी काय गत सांगू. अंग तापलं होतं. जन्मभर मी "आहे" म्हटलं ते कंपनीने शिकवलं म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की आपल्या "आहे"वर कुणीतरी आत अडकलेला बाहेर येतोय. म्हणत राहिलो. आहे. आहे. आहे. तिकडं बोट पांढरं पडलं होतं, पण हललं नाही.

ज्ञ बाहेर पडला. आक्कांनी श्वास सोडला आणि बोट उचललं. पडद्यावर लाल चौकट आली. परत दाबलं, चौकट तशीच. मी संपलो होतो. मेलो म्हणू नका, नुसती वाचा गेली.

भावजी हाताला ग्रीस घेऊन परत आले. आजोबा सुखरूप होते, उलट उशीर झाला म्हणून त्यांनाच रागावले होते. मग भावजींनी त्यांचं मोकळं सॉफ्टवेअर बसवलं. सगळं झटक्यात झालं असं मुळीच नाही. पहिल्या दिवशी टोपीवरचं नाव आरशात बघितल्यासारखं उलटं आलं. मदतीला फोन नंबर नाही. अनोळखी लोकांना लिहून विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. आक्का म्हणाल्या, "मोकळं आहे खरं, अगदीच मोकळं. कुणी वालीच नाही." दुसऱ्या दिवशी कुणाचंसं उत्तर आलं, प्रोग्रामातली एक खूण बदलली, टोपी सरळ झाली.

आणि मग हॉस्पिटलचं काम आलं. एप्रनांचा गठ्ठा, प्रत्येकावर एकच शब्द. आक्कांनी जुळवला, मशीन धावलं, पहिला एप्रन हातात घेतला. लिहिलं होतं, नरस.

"हे काय?" भावजी म्हणाले. "नर्स कुठे गेली?"

"तुमच्या प्रोग्रामने खाल्ली."

"प्रोग्राम कशाला खाईल? वहिनी, रफार कुठाय?"

आक्का बोटांवर मोजायला लागल्या. "मी अ पासून ज्ञ पर्यंत सगळं म्हटलं होतं. बाराखडीसकट."

"बाराखडीत रफार येतो का?"

"नाही येत. कोण म्हणतं शाळेत रफार." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "बाहेर काढलं सगळं, आणि ह्यांचा रफार आतच राहिला."

मला परत खोचलं. दाबलं, फुंकर मारली, भावजींनी डाखही देऊन बघितला. "आहेस का?" एवढं ऐकू आलं. मी जीव खाऊन बोलायला गेलो. काही नाही, मित्रांनो. त्या दिवशीसारखी लाज मला कधी वाटली नाही.

भावजी म्हणाले, "दुसऱ्या कुठल्या अक्षरांतला उचलून लावू. रफार तो, वरची एक आकडी. कुणाला कळतंय."

"मला कळतं," आक्का म्हणाल्या आणि हात पुसायला स्वतःचा एप्रन उचलला. उचलला तो तसाच धरून राहिल्या.

त्या एप्रनची गंमत वेगळीच होती. मशीन नवीन आलं तेव्हा पेंटरांनी बायकोची चेष्टा म्हणून त्यावर मोठ्या अक्षरांत भरलं होतं, 'सर्वेसर्वा'. आक्कांनी चार दिवस राग धरला आणि पुढं रोज तोच घातला. दोरा फिका पडला होता, पण टाका न् टाका जागेवर.

"भावजी," त्या म्हणाल्या, "एक नाही, दोन आहेत."

त्याचा फोटो काढला, पडद्यावर खाली ठेवला आणि वरून गिरवायला आक्का स्वतः बसल्या. जुन्या प्रोग्रामात अक्षर काढायचं ते पेंटरांनीच, आक्का आत कधी शिरल्या नव्हत्या. पहिला रफार गांडुळासारखा आला. दुसरा छत्रीच्या मुठीसारखा. भावजी हसले, तर म्हणाल्या, "तुम्ही लिफ्ट बघा." शेवटी एक जमला. पेंटरांचा डावीकडे कलायचा, हा किंचित उजवीकडे कलतो. आक्कांनी तो तसाच ठेवला. नर्स मिळाली, एप्रन गेले.

पुढं एका रविवारी भावजींनी हळूच विषय काढला. "ही अक्षरं बाकीच्यांनाही वापरायला द्यायची का? तुम्ही हो म्हणाल तरच."

"ह्यांचं अक्षर कुणाच्याही टोपीवर?"

"म्हणून तर विचारतोय."

आक्का मशीनकडे वळल्या. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही. मग एकदा दोरा तोडता तोडता म्हणाल्या, "पाट्या रंगवायचे तेव्हा येणारेजाणारे सगळे वाचायचेच. ह्यांनी कुणाला थांबवलं नाही. द्या."

बरेच महिने काही झालं नाही. मग कुठल्या लांबच्या गावाहून एका बाईचा निरोप आला. दप्तरांवर नावं भरते म्हणे. लिहिलं होतं, "ताई, अक्षरं फार मायेची आहेत. पण तुमच्यात 'ऱ्या' नाही. 'दुसऱ्या' लिहिताना अडले. मी एक काढलाय, तुमच्याच वळणाचा. सोबत पाठवते."

आक्कांनी तो भरून बघितला. हात फिरवला. "ह्यांनी हा कधी काढलाच नव्हता," म्हणाल्या. "आपल्याला लागलाच नाही कधी." आणि पेंटर गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.

मी आता कात्रीला बांधलेला असतो, त्याच लाल लेसने, कात्री हरवू नये म्हणून. काम हलकं आहे. कुणी काही विचारत नाही. ज्या पोरांनी मला बनवलं त्यांचा मला राग नाही, त्यांनाही पोट होतं. कुलूप लावायला माझी ना नाही, मित्रांनो. फक्त किल्ली घरात असावी.

तर एक काम करा माझं. घरी गेलात की बघा, तुमच्या माणसाचं काय काय कुठल्या दाराआड ठेवलंय. फोटो असेल, आवाज असेल, कुणाचं अक्षर असेल. दारावर माझ्यासारखा कुणी म्हातारा बसला असेल, तर तो "आहे" म्हणतोय तोवर सगळं बाहेर काढून घ्या. त्याच्यावर चिडू नका, त्याला तेवढंच शिकवलेलं असतं. आणि बाहेर काढताना नुसती बाराखडी म्हणू नका. रफार आठवणीने घ्या.