सिगारेट संपेपर्यंत

"ताप बघतोयस का उस्ताद?" लाझारने विचारलं, आणि अंगणात जमलेली मंडळी हसली.

रादिवोयच्या तोंडात पेनाएवढी बारीक, चपटी निळी नळी होती. त्याने ओढली तसा तिच्या टोकाला दिवा लागला आणि नाकातून पांढरी वाफ निघाली. पुदिन्याचा वास आला. नोव्हेंबरातली सकाळ होती, बनात प्रांताच्या सपाटीवरून बोचरा वारा येत होता, आणि लाझारच्या अंगणात चुलाणावर पाण्याचा हंडा खदखदत होता. आज दोन डुकरं कापायची होती.

"व्हेप आहे," रादिवोय म्हणाला. "जावयाने दिलंय."

"आणि सिगारेट?"

"सोडली. आठवडा झाला."

आता मात्र कुणी हसलं नाही. रादिवोयने सिगारेट सोडली म्हणजे पाद्र्याने चर्च सोडल्यातलीच गत. तिमाने तर छातीवर क्रूसाची खूण केली. तिमा त्याचा तरुणपणापासूनचा जोडीदार. रादिवोय सुरी चालवायचा आणि तिमा डुकराचा मागचा डावा पाय धरायचा. तो पाय तिमा दुसऱ्या कुणाला धरू देत नसे.

"आण इकडं," म्हणत तिमाने नळी घेतली, एक झुरका मारला आणि ठसकला. "अरे, हे तर पोरांचं खोकल्याचं औषध. यात माणसाला मिळतं काय?"

"पाय मिळतो," रादिवोय म्हणाला.

ते खरंच होतं. त्याच्या पायातल्या शिरा आतून बुजत चालल्या होत्या. पावाच्या दुकानापर्यंत जायचं तर वाटेत एकदा थांबून पोटरी चोळावी लागे. शहरातली डॉक्टरीण फटकळ होती. तिने सांगून टाकलं होतं, "सिगारेट तरी जाईल, नाहीतर पाय तरी. दोन्ही ठेवायचं म्हणाल तर ते जमणार नाही." घरी येऊन त्याने पाकीट चुलीत टाकलं, आणि तासाभरात राख उकरून बघितली. असला तो माणूस.

मग जावई पुढे आला. व्लादानची बस स्टँडवर तंबाखूची टपरी होती. "बाबा, हे घ्या," तो म्हणाला. "वायर लावून चार्ज करायचं, आतला रस संपला की फेकून द्यायचं. तरणी पोरं घेतात हो, पण मला तुमच्यासारखं जुनं गिऱ्हाईक हवंय. रोज वापरून बघा आणि दोष सांगा. माझी भीड धरू नका."

रादिवोयने ते काम मनावर घेतलं. सदऱ्याच्या खिशात नळी असून नसल्यासारखी राहते, हा पहिला गुण. एकदा तिच्यावर बसला तरी मोडली नाही, हा दुसरा. पडद्यांना वास येत नाही म्हणून बायकोची कुरकुर बंद झाली, तो तर सगळ्यांत मोठा. दोषही होते. टरबुजाची चव त्याने पहिल्याच दिवशी परत केली, थंडीत टरबूज कोण खातं? चार्जिंग करायला विसरलं की सकाळी नळी मेलेली. आणि हाताला काही काम उरत नव्हतं. काडी ओढायची नाही, राख झटकायची नाही, दोन झुरके घेतले की खिशात. पण घसा भरत होता आणि पोटरी जरा कमी ओरडत होती. शेवटचा निकाल त्याने आजच्या दिवसावर ठेवला होता. डुकराच्या दिवशी सिगारेटवाचून निभावलं तर पुढे जन्मभर निभावेल, असा त्याचा हिशेब. निभावलं नाही तर पाय गेला म्हणून समजा.

उन्हाळ्यात रादिवोय धान्याच्या कोठारावर रखवालदारी करायचा, आणि तेव्हा त्याला कुत्रं विचारत नसे. थंडी पडली की मात्र घराघरांतून निरोप यायचे. त्याचा हात स्वच्छ होता. डुक्कर एकदा ओरडायचं, सुरी जाताना. दुसऱ्यांदा कधी नाही. दुसऱ्यांदा ओरडलं तर त्या हाताने पुन्हा सुरी धरू नये, असं या गावात म्हणतात, आणि रादिवोय स्वतः ते सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा. दोन-तीन जणांवर त्याने तशी वेळ आणलीही होती.

त्याची एक रीत होती. सुरी बाहेर काढली की तो सिगारेट पेटवायचा. ती संपेपर्यंत जनावराला कुणी बोट लावायचं नाही, मग घरमालक का असेना. थोटूक जमिनीवर पडलं की डुक्कर मेलं, मग खुशाल डोणीत घ्या, गरम पाणी ओता, केस खरवडा. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं. घड्याळ कुणी बघत नसे, उस्तादाचा हात बघत.

"चला, गप्पा पुरे," लाझार म्हणाला. "राकिया घ्या आणि लागा कामाला."

जर्दाळूची ती कडक दारू पोटात गेली. पहिलं डुक्कर खोपटातून निघेना. तोंडात दोरी अडकवून चौघांनी ओढलं, तेव्हा ते पाय रोवत, किंचाळत बाहेर आलं. दोनशे किलोचा ऐवज. त्याला कुशीवर पाडलं आणि तिमा मागच्या पायावर छातीनिशी पडला. तिमाची बायको देसांका रक्तासाठी परात घेऊन गुडघ्यावर बसली. लाझारची नातवंडं खिडकीला नाक लावून बघत होती.

रादिवोयने नरडीखाली बोटांनी जागा चाचपली आणि सुरी मुठीपर्यंत घातली. त्याच क्षणी डुकराने मान झटकली. सुरी बोटभर बाजूला गेली, हे त्याला मनगटात कळलं. रक्त धो धो यायचं, ते आज रेंगाळत येत होतं. डुक्कर ओरडलं, मग घरघरलं, मग शांत पडलं.

तो उठला. सुरी पुसली. खिशातून नळी काढून झुरका घेतला, मग दुसरा. घसा भरला, जिवाला बरं वाटलं. बोटांत जळत काही नव्हतं, संपायचंही काही नव्हतं. आठवडाभराच्या सवयीने हात खाली आला आणि नळी खिशात गेली.

इथेच घात झाला. तिमाने तो हात खाली येताना बघितला. आजवर असा हात खाली आला की थोटूक पडलेलं असायचं.

"चला, घ्या डोणीत," तिमा म्हणाला.

रादिवोयने ते ऐकलं, पण अडवलं नाही. त्यालाही आतून तसंच वाटलं होतं. ओढून झालं म्हणजे वेळ झाली. बोटभर चुकलेल्या सुरीची आठवण त्याला व्हायला हवी होती. झाली नाही.

चौघांनी डुक्कर लाकडी डोणीत लोटलं. तिमाने हंड्यातून बादली भरली आणि पाठीवर ओतली.

डुक्कर ओरडलं.

ते ओरडणं माणसाच्या ओरडण्यासारखं लांबत गेलं. डोण उलटली. एकाचा पाय खाली सापडला आणि नडगीचं हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. जनावर उठून उभं राहिलं, गळा उघडा, पाठीवरचे केस वाफाळलेले, आणि समोर दिसेल तिकडे धावलं. समोर चुलाण होतं. हंड्याखालच्या तिवईला धडक बसली आणि उकळता हंडा तिमाच्या अंगावर आला. तिमाने तोंड वाचवायला दोन्ही हात पुढे केले होते. हातांनी ते सगळं घेतलं.

त्याच्या बोंबेकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती. डुक्कर अंगणात गरगर फिरत होतं. त्याने कलेजी तळायला मांडलेलं टेबल उलथलं, भिंतीवर रक्ताचा फराटा ओढला, लाझारच्या कुत्र्याला चिरडलं. खिडकीतली पोरं रडायला लागली. माणसं लाकडाच्या ढिगावर चढली होती, चांगली दांडगी माणसं.

रादिवोय सुरी घेऊन मागे लागला. मक्याच्या कोठीपर्यंत गेला आणि पोटरीत गोळा आला. पाय दगड झाला. तो पाय ओढत गेला, कुंपणाच्या कोपऱ्यात जनावराला गाठलं आणि त्याच्यावर पडला. डुकराने त्याच्या मनगटाला दात लावले. त्याने सुरी मारली, पुन्हा मारली, कुठे लागते ते न बघता मारत राहिला, मानेत, डोळ्यात, फासळ्यांत. त्याला लाज वाटत होती आणि तो मारत होता. डुक्कर कधी मेलं ते त्याला कळलं नाही. लाझारने मागून त्याचा खांदा धरला तेव्हा तो थांबला.

"मेलंय," लाझार म्हणाला. "सोड आता."

तिमा जमिनीवर बसला होता. कुणीतरी त्याच्या सदऱ्याची बाही ओढली तर बाहीबरोबर कातडीही आली. देसांका त्याच्यावर गार पाणी ओतत होती. रादिवोय लंगडत आला तशी ती उठली. तिने आधी हातातला डाव त्याच्या तोंडावर मारला, मग डाव टाकून हाताने मारलं. त्याचा ओठ फुटला. त्याने तोंड फिरवलं नाही.

"माझ्या माणसाला उकडलंस तू," ती म्हणाली. "आणि पुदिना चोखत उभा होतास."

"हो," रादिवोय म्हणाला.

"हो काय, मेल्या? तोंड वर करून हो काय म्हणतोस?"

त्याने तिला आणखी मारू दिलं, ती दमेपर्यंत. मग गाडी आली. तिमाला आणि नडगी मोडलेल्याला मागच्या बाकावर घातलं. दार लावायच्या आधी तिमाने त्याला खुणेने जवळ बोलावलं. त्याचे दात कडकड वाजत होते.

"मी तुझा हात बघितला रे," तिमा म्हणाला. "खाली आला होता. आला होता ना?"

"आला होता."

"मग माझी चूक नाही."

"नाही तिमा. तुझी नाही."

गाडी गेली. आता कुणी म्हणेल, एवढं झाल्यावर माणसं घरी गेली असतील. पण दुसरं डुक्कर खोपटात होतं, ते घाबरून भिंतीला धडका देत होतं. मसाला कुटून तयार होता, आणि शेजारपाजारचे हात उद्या रिकामे नव्हते. लाझारने हंडा सरळ करून पुन्हा पाणी चढवलं. रादिवोयकडे न बघता तो म्हणाला, "गाव्राला बोलावलंय. येईल अर्ध्या तासात."

गाव्रा पलीकडच्या गावचा, रादिवोयच्याच हाताखाली शिकलेला. रादिवोयने मान हलवली. त्याने कातडी अंगरखा सोडला, सुरी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. ती पुन्हा काढायची नाही हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याला रडू येत होतं, पण ते या लोकांसमोर यायला नको होतं.

लाझारला शेवटी दया आली असावी. त्याने पाकीट पुढे केलं. "घे एक. आज कोण विचारतंय?"

एक सिगारेट पाकिटातून अर्धी बाहेर आली होती. रादिवोयच्या तोंडाला पाणी सुटलं. पोटरी ठणकत होती, आणि त्या एका सिगारेटसाठी त्याने उरलेला जन्म लिहून दिला असता. त्याने पाकीट लाझारकडे परत सरकवलं.

"नको," तो म्हणाला. "लई महाग पडली सोडायला."

तेवढ्यात फोन वाजला. व्लादान होता, टपरीवरून. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं.

"काय बाबा, निभावलं का आज? सिगारेट नाही ना घेतली?"

"नाही घेतली."

"वा. बघा, मी म्हणत नव्हतो? मग काय सांगू गिऱ्हाइकांना? दोष काही?"

रादिवोयने फुटक्या ओठावरून जीभ फिरवली.

"सांग, चांगलं आहे," तो म्हणाला. "खिशात मावतं. वास नाही. रोजच्याला ठीक आहे. त्यात दोष नाही काही."

"तुमचा आवाज असा का येतोय?"

"थंडी आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

गाव्रा आला, सगळं ऐकून आला होता. त्याला रादिवोयच्या नजरेला नजर देववेना. डुक्कर बाहेर ओढलं, पाडलं, तिघांनी तीन ठिकाणी धरलं. मागच्या डाव्या पायाशी कुणी नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तिथे जायला कुणीच तयार होईना.

रादिवोय पुढे गेला आणि चिखलात आडवा झाला. त्याने दोन्ही हातांनी पाय कवळला आणि छाती त्यावर टाकली.

"उस्ताद, तुम्ही कशाला..." गाव्रा म्हणाला.

"धरायला माणूस लागतो ना? मार."

गाव्राने सुरी चालवली. नीट चालवली. डुक्कर एकदा ओरडलं. पायाने रादिवोयला दोनदा उचलून आपटलं, त्याच्या चावलेल्या मनगटातून रक्त गळायला लागलं, पण पकड सुटली नाही. हळूहळू ओढ कमी झाली. हंड्याला उकळी आली होती. बादली भरून एक जण उभा राहिला. गाव्रा सुरी पुसत खाली वाकला.

"घ्यायचं का, उस्ताद?"

रादिवोयचा गाल डुकराच्या मांडीला टेकला होता. कातडीखाली अजून काहीतरी बारीक हलत होतं.

"अजून नाही," तो म्हणाला.

बादलीवाल्याने बादली खाली ठेवली. सगळे जागच्या जागी उभे राहिले.