वाढलेले तांदूळ

आमच्या दशरथाला, माझ्या लेकाला, एक खोड आहे. दुसऱ्याच्या ताटातली आमटी चाखून बघणार आणि वर आपलं मीठ घालणार. बायकोचा स्वयंपाक असो की शेजाऱ्याचं भांडण. यंदा तर त्याने पोरीच्या कवितेत हात घातला.

शकु माझी नात, पाचवीत आहे. त्यांच्या मीराबाईंनी वर्गात सांगितलं, पुस्तकातलं नको, आपापल्या घरात ऐकलेल्या शब्दांची कविता करा. शकुने केली. बाईंना आवडली, म्हणाल्या, स्नेहसंमेलनात म्हण. घरी बापाला दाखवली तर बाप लालबुंद.

"ही म्हणायची नाही! घराची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस?"

मग स्वतःच 'हे तेजोमय प्रभाते' असलं काहीतरी रचलं आणि पोरीकडून घोकून घेतलं. मला म्हणाला, "आई, तुझी टिंगल केलीय तिने." शकुला विचारलं, तर ती वही घेऊन पळाली. मला अक्षरओळख बसच्या पाटीपुरती. कुसळ मात्र टोचत राहिलं.

शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला. घाटकोपरची आमची अख्खी चाळ आलेली. माझ्या शेजारी अंजनाबाई. तिची नजर कायम दुसऱ्याच्या चुलीवर.

शकु उभी राहिली. "हे तेजोमय प्रभाते..." आणि अडकली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. पोरं खिदळायला लागली. दशरथ खालून ओरडला, "किरणांची उधळण! अगं, उधळण!" पोरीचे ओठ पांढरे पडले.

मीराबाई पडद्याआडून म्हणाल्या, "शकु, तुझी कविता म्हण गं."

शकुने बघितलं ते माझ्याकडे. बापाकडे नाही. काय विचारते आहे ते मला कळलं. टिंगल माझी, माणसं माझी, आणि शेजारी ही अंजनाबाई. तरी 'म्हण' अशी मान हलवली.

आजी म्हणते, तांदूळ वाढले,
डबा वाजतो खणखण.
आजी म्हणते, तेल वाढलं,
बाटली पालथी, थेंब नाही.
इतकं सगळं वाढलं तरी
आईने भाकरी अर्धीच वाढली.

आधी मांडव हसला. शेवटच्या ओळीला मात्र चिडीचूप. धान्य संपलं असं बोलू नये, वाढलं म्हणावं, ही आमची रीत. पोर ते शब्द खरे धरून डब्यात डोकावत राहिली होती. दशरथाच्या गिरणीचा संप, बिनपगाराचं ते सगळं वर्ष, सहा ओळींत बाहेर पडलं.

अंजनाबाई कानाशी लागली. "काय गो, माका तर रोज सांगायचंस, 'आज पण भात उरलो'?"

माझं तोंड तापलं. तोवर दशरथ माणसं तुडवत पुढे गेला. पोरीचा दंड धरला. "उतर खाली! आधी आजीची माफी माग!"

शकु हलेना. रडेना पण. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी उठले. पदर खोचला. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलले.

"दशरथा, सोड तिचो हात. डबो रिकामो होतो, पण वाटीभर तांदूळ उसने आणूक मी कधी कोणाच्या दारात गेलंय नाय. आणि तू मेल्या, माझ्या नातीक उसनी कविता देवन हयसर मांडवात उभी केलंस? माफी तू माग. तिची."